‘उंदरांमधला पार्किन्सन्स बरा झाला’, मग बाबांचं काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडते. वडील ६२ वर्षांचे, काटोलजवळ संत्र्याची बाग, तीन वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान. सिंडोपा (पार्किन्सन्सची नेहमीची गोळी) चालू आहे, शिवाय ॲसिडिटीची एक कॅप्सूल बऱ्याच वर्षांपासून रोज सकाळी. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी ‘शास्त्रज्ञांनी उंदरांमधला पार्किन्सन्स बरा केला’ अशी बातमी व्हॉट्सॲपवर पाठवतं आणि बाबा विचारतात, ‘मग माझ्यापर्यंत केव्हा येते?’ त्यातच एका क्लिनिकने स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, उपचाराचे सहा लाख सांगितलेत. आणि आयुष्यभर केलेल्या फवारणीनेच हे झालं का, हे त्यांच्या मनातून जात नाही.

मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, हे आधी सांगते. माझा विषय औषधशास्त्र. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं उंदरांना पार्किन्सन्ससारखं काहीतरी करून ते बरं करायचा प्रयत्न करत होते, आता निवृत्त आहे. त्यामुळे बाबांची गोळी वाढवायची का, डीबीएसची (मेंदूत विजेची तार बसवण्याची) शस्त्रक्रिया करायची का, हे मी सांगणार नाही. वय, गोळीने पडणारा फरक, स्मरणशक्ती, दिवसातला किती वेळ ते अडकल्यासारखे होतात, अशा गोष्टींवर ते ठरतं आणि ते त्यांना तपासणाऱ्यानेच ठरवावं. बातमी कशी वाचायची हे मात्र सांगू शकते. तसल्या बातम्यांच्या मागचं काम मी केलंय, आणि थोडं लाजून कबूल करते, तशी एक बातमी आमचीही छापून आली होती. तिच्याबद्दल पुढे.

‘उपचार केव्हा येणार’ या प्रश्नाच्या आत एक दुसरा प्रश्न लपलेला आहे: उंदराला जे झालं होतं आणि बाबांना जे झालंय, ते एकच आहे का? अर्धं आहे, अर्धं नाही. कुठलं अर्धं कुठल्या बातमीत आहे ते ओळखता आलं, की निम्म्याहून जास्त बातम्यांनी जीव वरखाली होणं थांबतं.

तुम्ही बागायतदार आहात म्हणून बागेचंच उदाहरण घेते. बागेत डिंक्या (खोडातून डिंक गळणारा रोग) लागला, झाडं एकेक करून वाळताहेत. आता दोन वेगळी कामं आहेत. एक, या हंगामात माल कमी पडतोय तो बाहेरून आणून टोपल्या भरायच्या. दुसरं, डिंक्या थांबवायचा. मेंदूच्या बुंध्यात वरच्या भागात काळसर पेशींचा एक पट्टा असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा. त्या पेशी डोपामीन बनवतात आणि हालचाली सुरळीत ठेवतात. पार्किन्सन्समध्ये त्या मरतात. हाताची थरथर दिसेपर्यंत पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. डोपामीनचा तुटवडा भरून काढणं हे टोपल्या भरणं. पेशींचं मरण थांबवणं हा डिंक्याचा उपाय. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी पहिल्या कामात आपल्याला फार क्वचित दगा दिला. दुसऱ्यात जवळजवळ दर वेळी दिला. मला सांगायचं आहे ते एवढंच, पण ते पटायला थोडा इतिहास लागतो.

सुरुवात आपल्याच मातीतल्या सर्पगंधेपासून होते. तिच्या मुळीचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. रेसर्पिन दिलं की मेंदूतले डोपामीनसारखे संदेशवाहक रिकामे होतात. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास ते सशांना दिलं. ससे कान पाडून, दगडासारखे बसून राहिले. मग त्यांना लेवोडोपा टोचलं आणि काही मिनिटांत ससे उठून हिंडू लागले. डोपामीन स्वतः रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेवोडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने पार्किन्सन्सने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तर ठरावीक भागात डोपामीन फारच कमी. पुढच्याच वर्षी रुग्णांना लेवोडोपा टोचून पाहिलं. १९६७ मध्ये जॉर्ज कॉट्झियास यांनी तोंडावाटे हळूहळू मात्रा वाढवत देऊन दाखवलं. ससा ते माणूस, दहा वर्षं. नंतर कार्बिडोपाची जोड मिळाली, त्यामुळे लेवोडोपा मेंदूबाहेरच खर्ची पडणं कमी झालं आणि मळमळही घटली. बाबांची सिंडोपा म्हणजे हीच जोडगोळी. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

लेवोडोपा मेंदूत शिरतं ते प्रथिनांतल्या अमिनो आम्लांच्या दारातून. म्हणून पोटभर सावजी मटणावर गोळी घेतली तर ती दाराबाहेर रांगेत उभी राहते. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्या असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी. हे विषयांतर झालं, पण ‘आज गोळी लागलीच नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या तीन घरांत मला कारण ताटातच सापडलंय.

डीबीएसची गोष्टही अशीच. १९९० मध्ये माह्लन डिलाँग यांच्या गटाने दाखवलं की पार्किन्सन्ससारखी अवस्था केलेल्या माकडांच्या मेंदूतला सबथॅलॅमिक नावाचा लहानसा गठ्ठा निकामी केला तर ताठरपणा आणि मंदपणा उतरतो. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला बेनाबिद यांच्या गटाने १९९३ पासून माणसांत त्याच जागी विजेची तार बसवायला सुरुवात केली. तीन वर्षं! कारण सोपं आहे. डोपामीन कमी झालं की मेंदूतल्या जोडण्या कशा बिघडतात, हे माकडात आणि माणसात बरंचसं सारखं असतं. डोपामीन का कमी झालं याच्याशी त्या जोडण्यांना देणंघेणं नसतं.

आमच्या प्रयोगशाळेतली रोजची गोष्ट सांगते, म्हणजे ‘मॉडेल’ म्हणजे काय ते डोळ्यांसमोर येईल. मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो, आम्ही मोठ्याला रॅट आणि छोट्याला माउस म्हणतो. रॅटच्या मेंदूच्या फक्त एका बाजूला ६-हायड्रॉक्सिडोपामीन नावाचं विष सुईने सोडायचं. हे द्रावण बर्फात, अंधारात ठेवायचं, थोडं ‘क’ जीवनसत्त्व घालायचं, नाहीतर ते लालसर होऊन वाया जातं. दोन-तीन आठवड्यांत त्या बाजूच्या डोपामीनच्या पेशी गेलेल्या असतात. मग अपोमॉर्फिन (डोपामीनसारखं काम करणारं औषध) टोचलं की रॅट गोल गोल फिरू लागतो, आणि आम्ही गिरक्या मोजतो. मिनिटाला सात किंवा जास्त गिरक्या म्हणजे विष बरोबर जागी लागलं. आता नीट बघा. त्या रॅटला पार्किन्सन्स झालेला नाही. त्याला एका बाजूचा डोपामीनचा तुटवडा झालाय, तोही आम्ही दिलेल्या तारखेला. तुटवडा भरणाऱ्या औषधाची परीक्षा तिथे उत्तम होते. पण बाबांच्या पेशी गेली पंधरा-वीस वर्षं कशाने मरत आल्या, याबद्दल तो रॅट काय सांगणार?

पेशी का मरतात याच्या शोधाला सगळ्यात मोठा धागा एका दुर्घटनेतून मिळाला. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक पुतळ्यासारखे गोठून गेले. बोलता येईना, हलता येईना. बिल लँगस्टन या न्यूरॉलॉजिस्टने माग काढला: चोरून बनवलेल्या हेरॉइनसारख्या मालात एमपीटीपी नावाची भेसळ झाली होती. ते मेंदूत गेलं की एमएओ-बी हे एन्झाइम त्याचं एमपीपी-प्लस करतं. डोपामीनच्या पेशी ते डोपामीन समजून आत ओढून घेतात, आणि तिथे ते तंतुकणिकांचा, म्हणजे पेशीच्या वीजघराचा, पहिला दुवाच बंद पाडतं. पेशी उपाशी मरते. हे कळल्यावर साऱ्या जगातल्या प्रयोगशाळांनी माउस आणि माकडांवर एमपीटीपी वापरायला सुरुवात केली. (रॅटला ते फारसं बाधत नाही. ‘उंदरांमध्ये सिद्ध’ वाचलं की कुठला उंदीर, हे आम्ही विचारतो ते उगाच नाही.)

तंतुकणिकांचा बिघाड खरा आहे. तो माणसांच्या पार्किन्सन्समध्येही सापडतो, आणि लहान वयात होणाऱ्या आनुवंशिक प्रकारांतली पार्किन आणि पिंक-१ ही जनुकं खराब तंतुकणिका साफ करण्याशीच निगडित निघाली. तरी एमपीटीपीने केलेला आजार आणि हा आजार यांत फट आहे. ते विष घेतलेल्या काही जणांचे मेंदू पुढे तपासले गेले, पेशी गेलेल्या होत्या, पण पार्किन्सन्सची ओळख मानल्या जाणाऱ्या लुई बॉडी, म्हणजे पेशीतल्या गाठी, नव्हत्या. शिवाय विष दोन-चार दिवसांत काम आटोपतं. दोन दिवसांत लागलेली आग विझवणारं औषध वीस वर्षं धुमसणारी आग विझवेलच असं कशावरून?

आणि फसगत होण्याच्या जागा तर कितीतरी. समजा तुम्ही औषध आधी दिलं आणि एमपीटीपी नंतर. तुमचं औषध एमएओ-बीला थोडं जरी अडवत असेल तर विष तयारच होणार नाही. माउस ठणठणीत राहील. तुम्ही लिहाल, ‘औषधाने पेशी वाचवल्या’. प्रत्यक्षात चोर फाटकातच अडकला होता, घराच्या कुलपाची परीक्षा झालीच नाही. बाबांच्या बाबतीत तर चोर केव्हाच आत शिरून बसलाय.

आता आमच्या त्या बातमीबद्दल. आम्ही रोटेनोन वापरत होतो. हेही तंतुकणिका बंद पाडणारं द्रव्य, पूर्वी कीटकनाशक म्हणून वापरलं जाई. तेलात विरघळवून रॅटना रोज टोचायचं. एका वनस्पतीचा अर्क (नाव मुद्दाम देत नाही, लगेच इतवारीच्या बाजारात विचारायला लोक जातात) आम्ही रोटेनोनच्या आठवडाभर आधीपासून चालू केला. फिरत्या दांड्यावर रॅटला चालवायची एक चाचणी असते. अर्क घेतलेले रॅट छान टिकले, बाकीचे धपाधप पडले. शोधनिबंध झाला, आणि एका वर्तमानपत्राने ‘नागपूरच्या संशोधकांना पार्किन्सन्सवर वनौषधी सापडली’ असा मथळा दिला. महिनाभर फोन येत होते. एक आजोबा तर गडचिरोलीहून थेट दारात आले.

नंतर माझ्याच एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘मॅडम, रोटेनोनने रॅटचं पोट बिघडतं, वजन उतरतं. मग दांड्यावरून पडतो तो मेंदूमुळे की अशक्तपणामुळे?’ प्रश्न साधा होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रयोग पुन्हा केला. या वेळी अर्क आधी न देता रोटेनोन सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी दिला, आणि कोणत्या पिंजऱ्यात काय दिलंय हे मोजणाऱ्याला कळू दिलं नाही. फरक जवळजवळ नाहीसा झाला. पहिल्या खेपेला आम्ही कुणी लबाडी केली नव्हती. ‘हा अर्कवाला’ हे माहीत असलं की पडता-पडता सावरलेल्या रॅटला घड्याळ धरलेला हात एक सेकंद जास्त देतो, इतकंच. दुसरा निकाल छापायला कुणी फारसं उत्सुक नव्हतं, वर्तमानपत्राचा तर प्रश्नच नाही. पहिला निबंध अजून इंटरनेटवर आहे.

नागपूरचा उन्हाळा ही वेगळीच भानगड. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) लाइन गेली, प्राणिगृहाचा कूलर बंद पडला, की निरोगी रॅटही पाय ताणून निपचित पडतात. बाहेरून ती सुस्ती आणि पार्किन्सन्सची मंदगती सारखीच दिसते. एका मे महिन्यात शनिवार-रविवार फ्रीझर बंद राहिला आणि डोपामीन मोजायला ठेवलेले वर्षभराचे नमुने गेले. हे रडगाणं अशासाठी की बातमीतल्या एका ओळीमागे असली कितीतरी किडूकमिडूक असतात, आणि चांगल्या प्रयोगशाळांतही असतात.

इथवरचं जरा आवरून घेते. तुटवडा भरणारी औषधं आणि शस्त्रक्रिया प्राण्यांतून माणसांत बऱ्यापैकी सरळ आली. पेशी वाचवणारी औषधं आली नाहीत, कारण उंदरांत आपण मरण लवकर, जोरात आणि आपल्या सोयीच्या तारखेला घडवतो.

माणसांतले निकाल याला दुजोरा देतात. कोएन्झाइम क्यू-१० प्राण्यांत आश्वासक होतं. ६०० रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत २०१४ मध्ये काहीच फायदा दिसला नाही. क्रिएटिनचं तेच, १७४१ रुग्ण, २०१५. रक्तदाबाचं इस्राडिपिन, २०२०, तेच. सगळ्यात चटका लावणारं एक्सेनाटाइड. मधुमेहाचं हे औषध २०१७ मध्ये ६२ रुग्णांच्या चाचणीत चांगलं वाटलं होतं, आम्ही वर्गात टाळ्या वाजवल्या होत्या. २०२५ मध्ये १९४ रुग्णांना ९६ आठवडे देऊन झालेल्या तिसऱ्या टप्प्यात फरक दिसला नाही. म्हणजे माणसांतली छोटी चाचणीसुद्धा फसवू शकते, उंदरांचं तर सोडाच.

मग प्रयोगशाळांनी हात टेकले का? नाही, मॉडेलच बदलायला घेतलं. १९९७ मध्ये दोन गोष्टी एकाच वर्षी झाल्या. इटलीतल्या एका मोठ्या कुटुंबात पार्किन्सन्स आणणारा जनुकातला बदल अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनात सापडला, आणि लुई बॉडी मुख्यतः त्याच प्रथिनाच्या गाठी आहेत हेही कळलं. २००८ मध्ये आणखी धक्का. दहा-पंधरा वर्षांपूर्वी रुग्णांच्या मेंदूत गर्भातल्या निरोगी पेशी रोपल्या होत्या, त्या तरुण पेशींतही लुई बॉडी सापडल्या. बिघडलेलं प्रथिन शेजारच्याला बिघडवतं, अशी शंका बळावली. २०१२ मध्ये निरोगी माउसच्या मेंदूत त्या प्रथिनाचे छोटे तंतू टोचल्यावर बिघाड महिनोन्महिने पसरत गेला आणि डोपामीनच्या पेशी मेल्या. डिंक्यासारखंच की हे, एका बुंध्यावरून दुसऱ्यावर. हे मॉडेल बाबांच्या आजाराच्या बरंच जवळचं आहे. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत लाथा झाडणं ही लक्षणं थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी का येतात, तेही यातून थोडं उमगतं. बिघाडाची सुरुवात आतड्याच्या नसांत किंवा वासाच्या केंद्रात होत असावी, असं मानणारा एक मोठा गट आहे.

एवढं जवळचं मॉडेल मिळूनही त्या प्रथिनाविरुद्धच्या दोन प्रतिपिंडांच्या चाचण्या २०२२ मध्ये मुख्य कसोटीवर उतरल्या नाहीत. माझं मत विचाराल तर, औषध चुकलं यापेक्षा वेळ चुकली ही शक्यता मला जास्त वाटते: निम्मी बाग वाळल्यावर फवारा मारला. म्हणून २०२३ चा एक निकाल मला कुठल्याही उंदराच्या बातमीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पाठीच्या कण्यातल्या द्रवातून हे बिघडलेलं प्रथिन ओळखणारी चाचणी पार्किन्सन्सच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत होकारार्थी आली. लक्षणं नीट उमटण्याआधी आजार पकडता आला तर औषधांची परीक्षा योग्य वेळी घेता येईल. त्याचा थेट फायदा तुमच्या बाबांपेक्षा तुमच्या पिढीला जास्त होईल. हे कडू आहे, पण विचारलंत म्हणून सांगते.

म्हणून पुढची बातमी आली की तारीख आणि देश बघण्याआधी एवढंच बघा: औषध तुटवडा भरणारं आहे की मरण थांबवणारं? तुटवडा भरणारं असेल आणि माणसांत पोहोचलं असेल तर कान टवकारा. मरण थांबवणारं असेल तर ते विषाच्या आधी दिलं की नंतर ते शोधा. ‘पेशींवरच्या प्रयोगात’ असं असेल तर चहा पिऊन विसरून जा. त्या पेशी बहुतेक वेळा एसएच-एसवाय-५वाय नावाच्या असतात, १९७० च्या सुमारास एका चार वर्षांच्या मुलीच्या कर्करोगाच्या गाठीपासून वाढवलेल्या. कामाच्या आहेत, मीही वापरल्या, पण सतत विभागणारी कर्करोगाची पेशी आणि साठ वर्षं न विभागता जगलेली मेंदूची पेशी यांची तुलना करताना जपून.

स्टेम सेलचे सहा लाख. खरं संशोधन काय आहे ते आधी. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोन निकाल एकाच वेळी आले. जपानमधल्या क्योटोत सात रुग्णांच्या मेंदूत प्रौढ पेशींना मूळ अवस्थेत मागे नेऊन तयार केलेल्या, डोपामीन बनवणाऱ्या पेशी रोपल्या. अमेरिका आणि कॅनडात बारा रुग्णांत भ्रूणातल्या मूळ पेशींपासून केलेल्या. दोन्हीकडे मुख्य हेतू सुरक्षितता तपासण्याचा होता आणि ती बाजू चांगली निघाली. काहींच्या हालचालींत सुधारणाही दिसली, पण तुलनेसाठी खोटी शस्त्रक्रिया केलेला गट नव्हता. माझ्या मते हे टोपल्या भरण्याच्या बाजूचं काम आहे, म्हणून मला यातून आशा आहे. आता तुमचं क्लिनिक काय देतंय ते विचारा. बहुधा पोटाच्या चरबीतून, हाडाच्या मगजातून किंवा नाळेतून काढलेल्या पेशी शिरेतून किंवा पाठीतून टोचायच्या. त्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी नाहीत आणि त्या काळ्या पट्ट्यापर्यंत जाऊन तिथे नांदणारही नाहीत. नाव एक, वस्तू वेगळी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार वगळता स्टेम सेल मान्यताप्राप्त चाचणीबाहेर उपचार म्हणून देता येत नाहीत. ‘आमची चाचणीच आहे’ असं ते म्हणाले तर सीटीआरआयचा (भारतातल्या औषधचाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा आणि घरी येऊन संकेतस्थळावर तपासा. आणि चाचणी असेल तर सहा लाख कशाचे? औषधाची परीक्षा घेणारा रुग्णाकडून फी घेत नाही.

फवारणीबद्दल. बाबांच्या मनातली शंका निराधार नाही. रोटेनोन किंवा पॅराक्वाट हाताळलेल्या अमेरिकी शेती कामगारांत पार्किन्सन्स सुमारे अडीच पट आढळतो, असं २०११ च्या एका अभ्यासात निघालं. पॅराक्वाट, ते तणनाशक, रचनेने एमपीपी-प्लसचं जवळचं भावंड आहे. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. पण ‘अडीच पट’ हा समूहाचा आकडा आहे. बाबांचं कशामुळे झालं, हे कुठल्याही तपासणीत कळत नाही. त्याच औताचे, त्याच पंपाचे त्यांचे भाऊ निरोगी असतील. एकाच कारणावर बोट ठेवायला हा आजार तयारच नसतो. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार संस्थेतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की सामान्य भारतीयांच्या मेंदूत त्या काळ्या पेशी ब्रिटिशांपेक्षा कमीच असतात आणि वयानुसार घटतही नाहीत, तरी आपल्याकडे पार्किन्सन्स त्यांच्यापेक्षा जास्त असल्याचं दिसत नाही. मला तो निबंध अजून चकवतो. बाबांनी स्वतःला दोष देऊ नये. पण बागेत आता जो फवारतो, तुम्ही असाल किंवा मजूर, त्याच्या हातात मोजे आणि तोंडावर मास्क हवाच.

कुणीतरी खाजकुहिली सुचवणारच, म्हणून आताच लिहिते. तिच्या बियांत खरंच लेवोडोपा असतं, ते १९३७ मध्येच भारतीय संशोधकांनी वेगळं काढून दाखवलं. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवरच्या चाचणीत चूर्णाचा परिणाम गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. म्हणजे थोतांड नाही. अडचण मात्रेची आहे. आम्ही बाजारातल्या दोन पुड्या मोजून पाहिल्या होत्या, दोन्हीतलं प्रमाण सारखं नव्हतं. सिंडोपावर न सांगता चूर्ण घेणं म्हणजे एकच औषध दोन हातांनी घेणं. भास होणं, हातपाय वेडेवाकडे हलणं याने वाढू शकतं. तीच गोष्ट खोकल्याच्या अँब्रॉक्सोलची. अडुळशातल्या द्रव्यावरून पुढे घडत गेलेलं हे औषध, पार्किन्सन्समधल्या एका जनुकाच्या संदर्भात ते तपासलं जातंय, म्हणून लोक सिरप प्यायला लागलेत. चाचणीतली मात्रा दिवसाला १२६० मिलिग्रॅम होती. खोकल्याची गोळी ३० ची. निकाल येईपर्यंत थांबा.

वाट बघताना करण्यासारखं एक काम मात्र माणसांत तपासलेलं आहे: दम लागेल असा व्यायाम. २०१८ मध्ये नुकतंच निदान झालेल्या, औषध सुरू न केलेल्या १२८ रुग्णांवर चाचणी झाली. आठवड्यातून तीन-चारदा, हृदयाची गती कमाल गतीच्या ८० ते ८५ टक्के होईल इतकं ट्रेडमिलवर चाललेल्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळपास जागच्या जागी राहिली, नेहमीसारखं राहिलेल्यांची वाढली. बाबा औषधावर आहेत, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, आणि हृदय तपासल्याशिवाय सुरू करू नका. पण अंबाझरी तलावावर रमतगमत फेरी मारणं आणि हे एक नाही.

आता सगळ्यात तातडीचं, जे तुम्ही ओझरतं लिहिलंत. ती ॲसिडिटीची कॅप्सूल. आज घरी गेल्यावर तिचं पाकीट उलटं करून बारीक इंग्रजी अक्षरांतली घटकांची नावं वाचा. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल एकटंच असेल तर यातली काळजी मिटली. सोबत लेवोसल्पिराइड असेल, तर ते डोपामीनचं दारच अडवणारं औषध आहे. कार्लसनच्या सशांचं रेसर्पिन डोपामीनचं कोठार रिकामं करत होतं, हे कोठार भरलेलं ठेवून किल्ली लावतं, परिणाम तोच. यानेच पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात आणि मुळात आजार असेल तर वाढू शकतात. उलटीचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करचं सिनॅरिझिन, अर्धशिशीचं फ्लुनॅरिझिन हीही त्याच माळेतली. बाबांचं निदान चुकलं असं मी म्हणत नाही. तीन वर्षं सिंडोपाने फरक पडतोय तर ते बहुधा बरोबरच असेल. पण एका हाताने डोपामीन घालायचं आणि दुसऱ्याने त्याचं दार लावायचं, असं घडत असेल तर ते न्यूरॉलॉजिस्टला कळायला हवं. पाकीट घेऊन या आठवड्यातच त्यांच्याकडे जा. सिंडोपा मनाने कमी-जास्त किंवा बंद करू नका, एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकतं. कॅप्सूल बदलली तरी फरक दिसायला काही आठवडे, कधी कधी महिने लागतात, तेव्हा आठ दिवसांत निराश होऊ नका. घटकांचं नाव कळलं की इथेच लिहा, मी पाहीन.